प्रकाशवक्रावरून ताऱ्यांची वस्तुमाने मिळतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेस या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींमधून एका ग्रहणकारी जोडताऱ्याचा, म्हणजे फिरताना एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांचा, प्रकाशवक्र (वेळेनुसार बदलणाऱ्या प्रकाशाचा आलेख) काढला. आवर्तकाळ ४ दिवस, दोन ग्रहणे वेगवेगळ्या खोलीची, दोघांचाही तळ टोकदार. त्यावर जोडताऱ्यांचे मॉडेल वक्राशी जुळवणारे फीबी हे सॉफ्टवेअर चालवले. त्याने दोन्ही ताऱ्यांची वस्तुमाने, त्रिज्या आणि तापमाने दिली, तीही प्रत्येकी अर्ध्या टक्क्याहून कमी त्रुटी दाखवून. वर्णपट (ताऱ्याचा प्रकाश रंगांत विभागून घेतलेली नोंद) एकही घेतलेला नाही. हे आकडे खरे धरावेत का?

वस्तुमाने धरू नका. किलोमीटरमधल्या त्रिज्याही धरू नका. प्रकाशवक्राने तुम्हाला जे खरोखर दिले आहे ते फार मोलाचे आहे, पण ती सगळी गुणोत्तरे आहेत. लांबी मोजायची पट्टी त्यात कुठेच नाही.

एक हिशेब करून बघा. तुमची जोडी मनातल्या मनात दुप्पट मोठी करा: दोन ताऱ्यांमधले अंतर दुप्पट, दोघांच्या त्रिज्याही दुप्पट. केप्लरच्या तिसऱ्या नियमानुसार अंतराच्या घनाला आवर्तकाळाच्या वर्गाने भागले की एकूण वस्तुमानाच्या प्रमाणातली संख्या मिळते. आवर्तकाळ तोच ४ दिवसांचा ठेवायचा तर वस्तुमान आठपट करावे लागेल. ते केलेत की ग्रहण त्याच क्षणी सुरू होते, तितकाच वेळ चालते आणि तितकेच खोल जाते. प्रकाशवक्रावरचा एक बिंदूही हलत नाही. म्हणजे आठपट जड जोडी आणि तुमची जोडी यांतला फरक या वक्राला कळूच शकत नाही.

मग सॉफ्टवेअरने वस्तुमाने आणली कुठून? कक्षेचे माप आणि वस्तुमानांचे गुणोत्तर यांच्यासाठी सुरुवातीला जे आकडे होते, त्यांतून. पुष्कळदा ते आपण भरलेलेही नसतात, प्रोग्रॅममध्ये आधीपासून असतात. तेच पुढे जाऊन उत्तराच्या रकान्यात उभे राहतात. त्यांच्यापुढची त्रुटी इतकी लहान दिसते, कारण ते आकडे मोजलेच गेले नाहीत, धरून ठेवले गेले. या क्षेत्रात एखादा निष्कर्ष हातात आला की मी पहिल्यांदा हेच शोधतो: यातला कुठला आकडा निरीक्षणातून आला आणि कुठला गृहीत म्हणून आत शिरला.

एक अपवाद सांगायला हवा. तारे एकमेकांच्या फार जवळ असले की गुरुत्वाकर्षणाने त्यांचे आकार ताणले जातात आणि ग्रहण नसतानाही प्रकाश वरखाली होत राहतो. सप्तर्षीमधला डब्ल्यू उर्सी मेजॉरिस हा या प्रकाराचा नमुना. त्याचे दोन तारे एकमेकांना चिकटलेले आहेत आणि सुमारे ८ तासांत एक फेरी पूर्ण करतात. अशा जोड्यांमध्ये ग्रहण संपूर्ण होत असेल, तर ताणलेल्या आकारावरून वस्तुमानांचे गुणोत्तर बऱ्यापैकी भरवशाने मिळते. पण तेही गुणोत्तरच, वस्तुमान नव्हे. तुमच्या जोडीत ग्रहणांमधला भाग जवळजवळ सपाट असणार, म्हणून हा मार्गही बंद आहे.

आता हातात काय आहे ते पाहू. ग्रहण किती वेळ चालते यावरून दोन त्रिज्यांची बेरीज कळते, पण दोन ताऱ्यांमधल्या अंतराच्या तुलनेत. प्रकाश उतरण्याच्या आणि चढण्याच्या आकारावरून कक्षेचा कल कळतो, म्हणजे ती आपल्याला किती कडेवरून दिसते ते (अगदी कडेवरून म्हणजे ९० अंश). दोन ग्रहणांच्या खोलीवरून पृष्ठभागांच्या तेजाचे गुणोत्तर मिळते. हा शेवटचा मुद्दा अनेकांना उलटा माहीत असतो. कक्षा वर्तुळाकार असेल तर दोन्ही ग्रहणांत अगदी सारखेच क्षेत्रफळ झाकले जाते, मग पुढे कोणताही तारा असो. त्यामुळे जास्त खोल ग्रहण म्हणजे जास्त उष्ण तारा झाकला जाणे. मोठा तारा झाकला जाणे नव्हे.

ययाति तारकासमूहातला अल्गोल याचे ठळक उदाहरण आहे. २.८७ दिवसांनी त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा मोठा तितका तारा मंद) २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते, कारण लहान पण खूप उष्ण ताऱ्यापुढे मोठा थंड तारा येतो. दुसरे ग्रहण मात्र इतके उथळ आहे की ते १९१० मध्ये जोएल स्टेबिन्सने सेलेनियमच्या प्रकाशमापकाने पहिल्यांदा पकडले. जॉन गुडरिक या कर्णबधिर तरुणाने १७८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, अल्गोलपुढून एखादा काळा गोल जात असावा असा तर्क मांडला होता. तो तर्क शंभरावर वर्षे तर्कच राहिला. १८८९ मध्ये हेर्मान फोगेलने ताऱ्याच्या आपल्या दिशेतल्या वेगामुळे वर्णपटातल्या रेषा पुढेमागे सरकताना मोजल्या, तेव्हा तो सिद्ध झाला. म्हणजे नुसत्या प्रकाशावर न थांबता वेग मोजायची गरज या विषयाला त्याच्या पहिल्याच ताऱ्यापासून लागली आहे.

तुमच्या वक्रात आणखी एक अडचण आहे: टोकदार तळ. ग्रहण संपूर्ण असते तर तळ काही काळ सपाट राहिला असता. त्या वेळी एक तारा पूर्ण लपलेला असतो, दुसऱ्याचा प्रकाश थेट मोजता येतो आणि पुढचे सगळे सोपे होते. खंडग्रहणात त्रिज्यांची बेरीज पक्की मिळते, पण दोघांचे आपापसातले गुणोत्तर ढिले राहते. थोडा मोठा पहिला आणि थोडा लहान दुसरा, किंवा याच्या उलट, दोन्हींनी जवळजवळ सारखाच वक्र तयार होतो. सॉफ्टवेअर यातली एक जुळणी गाठते आणि तिच्याच आजूबाजूची त्रुटी सांगते. गुणोत्तर हाताने ०.८५, ०.९, ०.९५, १.०, १.०५ असे ठेवत जुळणी करून बघा. सगळ्या ठिकाणी उरलेले फरक जवळपास तेवढेच येत असतील, तर तुमच्या त्रिज्यांची खरी त्रुटी अर्धा टक्का नाही; कितीतरी जास्त आहे. यावर उपाय एकच: दोन ताऱ्यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर बाहेरून आणायचे. ते वर्णपटातल्या रेषांच्या ताकदीवरून मिळते.

तेव्हा वर्णपट घ्या. त्यासाठी कुठले क्षण निवडायचे हे सगळ्यात महत्त्वाचे आहे. फेज म्हणजे फेरीचा किती भाग झाला ते; खोल ग्रहणाचा मध्य म्हणजे फेज शून्य धरली, तर फेज ०.२५ आणि ०.७५ च्या आसपास दोन ताऱ्यांचे आपल्या दिशेतले वेग एकमेकांपासून सर्वांत लांब असतात. तारे ए वर्गाचे (सूर्याहून उष्ण, पांढरे) आहेत असे समजा आणि मॅग्नेशियमची ४४८.१ नॅनोमीटरची रेषा बघा. दोघांच्या वेगांत सेकंदाला २१० किलोमीटरचा फरक असेल, तर एका रेषेच्या जागी ०.३१ नॅनोमीटर अंतरावर दोन रेषा दिसतात. चांगल्या वर्णपटमापकाला एवढी फट सहज दिसते. हायड्रोजनच्या रेषा या कामाला घेऊ नका. या ताऱ्यांत त्या इतक्या रुंद असतात की दोन ताऱ्यांच्या रेषा एकमेकींत विरघळून जातात.

ग्रहणाच्या जवळ गेलात की हीच फट मिटत जाते. फेज ०.०५ ला फरक सेकंदाला ६५ किलोमीटरच उरतो, आणि तारे स्वतःभोवती फिरत असल्यामुळे रुंदावलेल्या रेषा एकमेकींना भिडतात. अशा वेळी दोन शिखरांची जागा मोजली, तर प्रत्येक शिखर दुसऱ्याकडे ओढले गेलेले मिळते. वेग खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि तो नेहमी कमीच येतो. वर्णपट वाढवून ही चूक सरासरीत जिरत नाही. भिडलेल्या रेषांचे वर्णपट साध्या मोजणीतून काढून टाका. ते वापरायचेच असतील, तर दोन्ही ताऱ्यांचे नमुने एकाच वेळी जुळवणारी टॉडकॉरसारखी पद्धत, किंवा सगळे वर्णपट एकत्र घेऊन दोन ताऱ्यांचे वर्णपट वेगळे सोडवण्याची पद्धत लागेल.

तुमच्या ४ दिवसांच्या आवर्तकाळात एक खास पेच आहे. एकाच वेधशाळेतून रोज रात्री त्याच सुमारास बघितले तर फेज रोज ०.२५ ने पुढे सरकते आणि पाचव्या रात्री पहिल्या जागी परत येते. नशीब साथ देत असेल, तर चारातल्या दोन रात्री नेमक्या ०.२५ आणि ०.७५ वर पडतात. तसे नसेल तर महिनाभर वेळ मिळूनही हव्या त्या फेज मिळत नाहीत. आवर्तकाळ पाचव्या-सहाव्या दशांश स्थळापर्यंत काढा, पुढच्या काही महिन्यांचे फेजचे कोष्टक करा आणि मगच दुर्बिणीचा वेळ मागा. दहा-बारा चांगले वर्णपट, दोन्ही बाजूंना विभागलेले, सुरुवातीला पुरेसे होतात. एक पडताळणी लगेच करता येते: फेज ०.२५ ला उष्ण तारा आपल्याकडे येत असला पाहिजे, कारण फेज शून्यला तो मागे होता. तो दूर जाताना दिसला, तर रेषा ओळखताना दोन ताऱ्यांची अदलाबदल झाली आहे.

आता पट्टी हातात आली. समजा उष्ण ताऱ्याच्या वेगाचा आयाम, म्हणजे सरासरीपासूनचा कमाल फरक, सेकंदाला १०० किलोमीटर आणि दुसऱ्याचा ११० निघाला. कक्षा वर्तुळाकार आहे. दोन आयामांची बेरीज २१०. तिला आवर्तकाळ ४ ने आणि ०.०१९७७ ने गुणले की दोन ताऱ्यांमधले अंतर सौर त्रिज्यांमध्ये मिळते: १६.६. वस्तुमानासाठी बेरजेचा वर्ग, गुणिले दुसऱ्या ताऱ्याचा आयाम, गुणिले आवर्तकाळ; म्हणजे ४४,१०० × ११० × ४ = १,९४,०४,०००. याला १ कोटीने भागून १.०३६ ने गुणले की उष्ण ताऱ्याचे वस्तुमान २.०१ सौर वस्तुमाने. दुसऱ्यासाठी ११० च्या जागी १०० घ्या: १.८३. जास्त वेगाने हलणारा तारा हलका, हे इथे उघड दिसते. प्रकाशवक्राने दिलेल्या सापेक्ष त्रिज्या ०.११५ आणि ०.१०५ असतील, तर त्यांना १६.६ ने गुणा: १.९१ आणि १.७४ सौर त्रिज्या. इथे कुठेही ताऱ्याच्या अंतर्भागाचे मॉडेल वापरलेले नाही, ताऱ्याचे आपल्यापासूनचे अंतरही माहीत नाही. केवळ भूमिती आणि न्यूटनचे गुरुत्वाकर्षण. खगोलशास्त्रात इतक्या कमी आधारावर इतके पक्के काही मिळते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

काटेकोर बोलायचे तर वर मिळाले ते वस्तुमान गुणिले कलाच्या कोनाच्या ज्येचा (साइनचा) घन. तो कोन प्रकाशवक्र देतो, आणि ग्रहण दिसते म्हणजे कोन ९० अंशांच्या जवळच असणार. ८७ अंश असेल तर वस्तुमानात फक्त ०.४ टक्के भर पडते. ८० अंश असेल तर विभाजक ०.९५५ होतो आणि वस्तुमान ४.७ टक्क्यांनी वाढते, म्हणून कडेकडेने जेमतेम ग्रहण होणाऱ्या जोड्यांत हा कोन सांभाळून काढावा लागतो. ग्रहण नसलेल्या जोडताऱ्यांत मात्र हा कोन साधारणपणे अज्ञातच राहतो. ग्रहणांचे सगळे महत्त्व यातच आहे.

त्रुटी कशी पसरते तेही समजून घ्या. वस्तुमान वेगाच्या घनाने बदलते. वेग १ टक्का चुकला तर त्रिज्या १ टक्का चुकते, वस्तुमान ३ टक्के. भिडलेल्या रेषांमुळे वेग २ टक्के कमी आला, तर वस्तुमान जवळपास ६ टक्के कमी येते. त्यामुळे वस्तुमानाची गुणवत्ता जवळजवळ पूर्णपणे वर्णपटांवर ठरते आणि त्रिज्यांची बरीचशी प्रकाशवक्रावर.

प्रकाशवक्राच्या बाजूने तुमच्यासाठी सर्वांत मोठा धोका तिसऱ्या प्रकाशाचा आहे. टेसचा एक पिक्सेल आकाशातले २१ विकलांचे क्षेत्र व्यापतो. त्यात शेजारचे तारे बिनदिक्कत शिरतात, आणि जोडीभोवती फिरणारा तिसरा ताराही असू शकतो. अल्गोललाच तो आहे. एकूण प्रकाशातला १० टक्के परका असेल, तर ४० टक्के खोलीचे ग्रहण ३६ टक्के दिसते. जुळणी हा फरक कल कमी करून किंवा त्रिज्या बदलून भरून काढते, आणि वक्र बघून काहीच संशय येत नाही. टेसच्या नोंदींबरोबर शेजाऱ्यांच्या प्रकाशाचा अंदाज येतो तो तपासा, आणि तिसरा प्रकाश शून्य न धरता जुळणीत मोकळा सोडून बघा. जमल्यास जमिनीवरच्या दुर्बिणीतून, जिथे शेजारी वेगळे दिसतात, एका तरी ग्रहणाची खोली मोजा. ताऱ्याच्या तबकडीची कड मध्यापेक्षा मंद असते, त्या परिणामाचे गुणांकही अगदी बांधून ठेवू नका. निदान एक मोकळा ठेवा.

दुसरे ग्रहण बरोबर फेज ०.५ ला येते का हेही बघा. ते ०.५२ ला येत असेल तर कक्षा लांबट आहे आणि वरची सूत्रे तशीच्या तशी चालणार नाहीत.

तापमानाबद्दल थोडक्यात. ग्रहणांच्या खोलीवरून दोन तापमानांचे गुणोत्तर छान मिळते, प्रत्यक्ष तापमान मिळत नाही. फीबीने दिलेले एक तापमान तुम्हीच भरलेले असणार आणि दुसरे त्याच्या आधाराने आले. खरे तापमान सोडवलेल्या वर्णपटावरून किंवा रंगांवरून काढावे लागते, आणि तिथे २ टक्के त्रुटी सहज राहते. तेजस्विता तापमानाच्या चौथ्या घाताने जाते, म्हणजे तीत ८ टक्के. वस्तुमान आणि त्रिज्या यांच्या तुलनेत हा कायम कच्चा दुवा आहे.

एवढा नेमकेपणा हवा कशाला, असे वाटेल. २०१० मध्ये टॉरेस, आंदेरसन आणि हिमेनेझ यांनी वस्तुमान आणि त्रिज्या ३ टक्क्यांच्या आत मोजलेल्या ९५ जोड्यांची छाननी प्रसिद्ध केली; ताऱ्यांच्या उत्क्रांतीची मॉडेले अशाच आकड्यांवर घासून बघतात. कालेय तारकासमूहातल्या सीएम ड्रॅकोनिस या जोडीत सूर्याच्या जेमतेम पाव वस्तुमानाचे दोन लाल तारे आहेत, ०.२३ आणि ०.२१. त्यांच्या मोजलेल्या त्रिज्या मॉडेलने सांगितलेल्यांपेक्षा काही टक्क्यांनी मोठ्या निघतात. त्रुटी ५ टक्के असती तर हे कोडे दिसलेच नसते. लहान ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येवरूनच काढतात, म्हणून ते कोडे ग्रहांपर्यंत पोचते.

शौरी तारकासमूहातल्या डीआय हर्क्युलिसची गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळची आहे. या जोडीची लांबट कक्षा अवकाशात वळते, पण सापेक्षतावाद आणि ताऱ्यांचे फुगीर आकार धरून जेवढी वळायला हवी त्यापेक्षा खूपच सावकाश. सापेक्षतावादालाच आव्हान देणाऱ्या कल्पनाही यावर मांडल्या गेल्या. २००९ मध्ये सायमन आल्ब्रेख्ट आणि सहकाऱ्यांनी ग्रहणाच्या वेळी रेषांचे आकार कसे बिघडतात ते मोजले आणि दाखवले की दोन्ही ताऱ्यांचे स्वतःभोवती फिरण्याचे अक्ष कक्षेच्या सापेक्ष जवळजवळ आडवे पडलेले आहेत. ते उभे असतील असे बहुतेकांनी धरले होते, मोजले कोणीच नव्हते.

आणि ताऱ्यांच्या आपल्यापासूनच्या अंतराबद्दल. ताऱ्याची खरी त्रिज्या माहीत असेल आणि पृष्ठभागाचे तेज रंगावरून कळत असेल, तर तो आकाशात किती कोन व्यापतो हे निघते आणि त्यावरून अंतर. ग्झेगोश पिएत्शिन्स्की यांच्या गटाने २०१९ मध्ये मोठ्या मॅगेलॅनिक मेघातल्या थंड, राक्षसी ताऱ्यांच्या २० ग्रहणकारी जोड्या वापरून त्या आकाशगंगेचे अंतर ४९.५९ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १ लाख ६२ हजार प्रकाशवर्षे, एवढे १ टक्का नेमकेपणाने मोजले.

तुमच्या जोडीचे काम पुढे गेले की दोन स्वतंत्र पडताळण्या करा. पहिली फिरण्याची. इतक्या जवळच्या जोडीत तारे बहुधा कक्षेच्या तालावरच फिरतात. तसे असेल तर विषुववृत्तावरचा वेग ५०.६ गुणिले त्रिज्या भागिले आवर्तकाळ. १.९१ त्रिज्येसाठी तो सेकंदाला २४ किलोमीटर येतो. रेषांच्या रुंदीवरून मोजलेला वेग याच्या जवळ असावा. दुसरी पडताळणी गाया या अवकाश दुर्बिणीच्या पराशयाची, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून काढलेल्या अंतराची. त्रिज्या आणि तापमानावरून तेजस्विता काढा, तिच्यावरून अंतर काढा आणि गायाच्या अंतराशी ताडून बघा. दोन्ही जुळले नाहीत, तर आधी वाटेतल्या धुळीने खाल्लेला प्रकाश आणि तिसरा प्रकाश तपासा, मग तापमान. वर्णपट चांगले असतील तर वस्तुमानाला सर्वांत शेवटी हात लावा.